प्रवेशाची सोडत आणि गावचा शिक्षक

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली संमत होऊन 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यातील कलम 12 अन्वये, अल्पसंख्याकांच्या शाळा वगळता, खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील निदान पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांस द्यावयाच्या असतात. महाराष्ट्रात हे अर्ज संगणकावरून स्वीकारले जातात. अर्ज जागांहून अधिक झाल्यास सोडत काढतात, आणि निवडयादी व प्रतीक्षायादी पालकांस पाहता येते. शाळाचालकाच्या मर्जीस यामुळे आळा बसला, हे मान्य केले पाहिजे.

तथापि सोडत निःपक्षपाती असली, तरी तिथवर पोहोचण्याची वाट सर्वांस सारखी नसते. अर्जात पालकास आपले घर नकाशावर दाखवावे लागते व शाळेचे अंतर त्यावरून ठरते. ज्याने नकाशा कधी हाताळला नाही असा शेतमजूर हे काम दुकानातील तिऱ्हाइताकडून करवून घेतो. खूण भलत्याच वस्तीवर पडली, तर सोडतीत नाव येऊनही कागदपत्रांच्या पडताळणीत जागा हातची जाते. शिक्षकाने घटकाभर शेजारी बसून ती खूण पाहिली, तर एवढा अनर्थ टळतो.

अशा साहाय्याने आपल्याच शाळेचा पट घटेल, ही धास्ती निराधार नाही. परंतु तीपायी पालकापासून माहिती दडविणे शिक्षकास शोभणारे नव्हे. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांस या बंधनातून वगळणारा नियम राज्य शासनाने 9 फेब्रुवारी 2024 रोजी केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो 19 जुलै 2024 रोजी रद्द ठरविला. शेजारी जिल्हा परिषदेची शाळा आहे, एवढ्यावरून पालकाचा हक्क संपत नाही.

हीच दृष्टी स्वतःच्या शाळेतही हवी. वयाचा पुरावा नाही म्हणून कलम 14 प्रमाणे, अथवा शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून कलम 5 प्रमाणे, प्रवेश अडविता येत नाही. शालेय प्रवेशास आधार क्रमांक अनिवार्य नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. ऊसतोडीवर आलेल्या कुटुंबाचे मूल हंगामाच्या मध्यास दारात उभे राहिले, तर त्यास त्याच दिवशी वर्गात बसवावे. संगणकातील नोंद मागाहून पुरी करता येते.

खाजगी शाळेसाठी अर्ज भरून झाल्यावर त्याची छापील प्रत पालकाच्याच हाती द्यावी. यादी लागल्यावर अर्जाचा क्रमांक त्यास लागेल, आणि तो दुकानदाराच्या वहीत राहिलेला नसावा.