डीबरिंग

धातूच्या भागावर यंत्रण करताना त्याच्या कडांना चिकटून राहिलेली पातळ, धारदार व अनावश्यक किनार काढून टाकण्याच्या प्रक्रियेस डीबरिंग असे म्हणतात. या किनारीला कारखान्यांत ‘बर’ म्हणतात. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग यांसारख्या बहुतेक कर्तन प्रक्रियांनंतर बर कमी-अधिक प्रमाणात राहतेच.

बर कशी तयार होते

कर्तन हत्याराच्या धारेपुढील धातू दाबामुळे प्रथम विरूप होतो आणि मग चिप बनून सुटतो. हत्यार भागाच्या कडेपाशी पोहोचले की त्या धातूला मागून आधार देणारे काही उरत नाही. त्यामुळे शेवटचा पातळ थर कापला न जाता बाहेरच्या बाजूस वाकतो व कडेलाच चिकटून राहतो. आरपार छिद्र पाडताना ड्रिल जेथून बाहेर पडते तेथील बर प्रवेशाच्या बाजूपेक्षा सहसा मोठी असते, ती यामुळेच. ॲल्युमिनियम, सौम्य पोलाद यांसारख्या तन्य धातूंवर बर मोठी येते. बीड ठिसूळ असल्याने त्याची कड वाकण्याऐवजी तुटते. हत्यार बोथट झाले की बर वाढते. म्हणून वेळेवर धार लावणे हा तिच्यावरील पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय होय.

दुष्परिणाम

बर हाताला कापते, हे सर्वांत उघड दिसणारे नुकसान. जोडणीत ती दोन पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसू देत नाही. धारदार कडेवर रंगाचा थर पातळ राहतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. द्रवचालित झडपेत मात्र लहानशी बरही महागात पडते: ती तेलाच्या प्रवाहात सुटली, तर झडपेचा सरकता दांडा अडकू शकतो.

आराखड्यावरील निर्देश

‘सर्व धारदार कडा मोडाव्यात’ अशी मोघम सूचना अनेक आराखड्यांवर आढळते. किती मोडाव्यात, हे त्यातून कळत नाही आणि निर्णय कारागिराच्या अंदाजावर राहतो. आयएसओ १३७१५ या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी चिन्ह दिलेले आहे. त्यातील अधिक चिन्हाचा अर्थ कडेवर जादा धातू चालेल असा, तर उणे चिन्हाचा अर्थ कडेवरील धातू काढलेला असावा असा होतो. सोबतचा आकडा मर्यादा सांगतो.

पद्धती

कानस, स्क्रेपर व काउंटरसिंक ही हाताने बर काढण्याची नेहमीची साधने आहेत. लहान भाग मोठ्या संख्येने असतील, तर ते सिरॅमिक किंवा प्लॅस्टिकच्या खड्यांसह कंप पावणाऱ्या पात्रात घोळवतात. खरी अडचण येते ती एकमेकांना छेदणाऱ्या आतील छिद्रांत, कारण तेथे हत्यार सहज पोहोचत नाही. अशा ठिकाणी अपघर्षक कण मिसळलेली घट्ट लगदी दाबाने छिद्रांतून पुढे-मागे ढकलतात. विद्युत् रासायनिक पद्धतीत भागाला धनाग्र करून बर विद्राव्य स्वरूपात काढली जाते.

औष्णिक पद्धत यांहून निराळी आहे. बंद कक्षात भाग ठेवून त्यात ज्वलनशील वायू व ऑक्सिजन यांचे मिश्रण दाबाने भरतात आणि ठिणगी देतात. काही मिलिसेकंदांपुरते तापमान सुमारे ३,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वस्तुमानाच्या तुलनेत बरीचे पृष्ठफळ फार मोठे असल्याने तिच्यातील उष्णता पुरेशा वेगाने मूळ धातूत वाहून जात नाही, आणि ती जळून जाते. भाग मात्र फारसा तापत नाही. मागे राहिलेले ऑक्साइड धुऊन काढावे लागते.

पृष्ठभागाची अंतिम घडण

डीबरिंगचा संबंध कडेशी, तर ग्राइंडिंग, लॅपिंग, होनिंग, पॉलिशिंग या प्रक्रियांचा पृष्ठभागाच्या खडबडीतपणाशी असतो. तो ‘आरए’ या सरासरी मूल्याने मायक्रोमीटरमध्ये मोजतात. अधिक गुळगुळीत म्हणजे अधिक चांगले, असे मात्र नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये होनिंगने एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा मुद्दाम ठेवतात, कारण त्यांत तेल टिकून राहते.

शिवाय खडबडीतपणाच्या मोजणीतून पृष्ठभागाखालील थराची अवस्था कळत नाही. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील पेन्साकोला येथे डेल्टा एअर लाइन्सच्या फ्लाइट १२८८ या विमानाच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे टायटॅनियमचे केंद्र उड्डाणासाठी धावताना फुटले आणि दोन प्रवासी मृत्युमुखी पडले. तपासात आढळले, की निर्मितीच्या वेळी ड्रिलिंगमुळे एका छिद्राच्या भिंतीतील धातूची सूक्ष्मरचना बदलली होती. तेथूनच शिणवट्याची भेग सुरू झाली होती, आणि नंतरच्या तपासणीत ती निसटली होती.