मधुरकवींची गुरुनिष्ठा

वय, विद्या आणि कुळ यांचा अभिमान सोडणें विद्वानास फार कठीण जातें. तमिळ देशांतील वैष्णव संतकवि मधुरकवि आळवार यांनीं हे तिन्ही अभिमान एकाच वेळीं गुरुचरणीं वाहिले. त्यांची कथा आपल्याकडे फारशी परिचित नाहीं, म्हणून ती येथें थोडक्यांत देत आहों.

ताम्रपर्णी नदीच्या परिसरांतील तिरुक्कोळूर हें मधुरकवींचें जन्मस्थान. ते ब्राह्मण होते, आणि शास्त्राध्ययनांत त्यांचें बरेंचसें आयुष्य सरलें होतें. परंपरा अशी सांगते कीं, ते अयोध्येस यात्रेला गेले असतां रात्रीं दक्षिण दिशेस त्यांना एक तेज दिसलें. त्याचा माग काढीत ते परत फिरले. तें तेज अखेर जेथें लुप्त झालें, तें कुरुकूर गांव त्यांच्या जन्मग्रामाच्या अगदीं जवळच होतें!

तेथें एका चिंचेखालीं सोळा वर्षांचा मुलगा मौन धरून बसला होता. वेळ्ळाळ या शेतकरी जातींत जन्मलेला हा मुलगा जन्मापासून बोललाच नव्हता. मधुरकवींनीं त्याला जीव आणि देह यांच्या संबंधाविषयीं एक कूट प्रश्न विचारला. मुलानें तत्काळ मार्मिक उत्तर दिलें, आणि त्या वृद्ध पंडितानें त्याच्या पायांवर मस्तक ठेविलें. हेच गुरु पुढें नम्माळवार म्हणून विख्यात झाले. त्यांचीं पदें जतन करणें आणि गाणें हेंच मधुरकवींनीं आपलें जीवितकार्य मानिलें.

मधुरकवींची स्वतःची रचना अवघ्या ११ पद्यांची. ‘कण्णिनुण् शिरुत्तांबु’ हें तिचें नांव यशोदेनें बाळकृष्णास बांधिलें त्या दोरीवरून पडलें आहे. परंतु कृष्णाचा उल्लेख होतो न होतो तोंच कवि गुरूकडे वळतो, आणि मग सारें स्तवन गुरूचेंच! तरीहि वैष्णवांनीं या रचनेस ४००० पद्यांच्या दिव्यप्रबंधांत मानाचें स्थान दिलें. पुढें आळवारांचीं पदें लुप्तप्राय झालीं, तेव्हां नाथमुनींनीं हींच ११ पद्यें १२,००० वेळां जपलीं, आणि नम्माळवारांनीं प्रसन्न होऊन त्यांना सर्व प्रबंध पुन्हा दिला, अशी श्रद्धा आहे.

आपल्या एकनाथांनींहि अभंगाच्या मुद्रेंत स्वतःच्या नांवास गुरु जनार्दनस्वामींचें नांव जोडिलें. परंतु येथें शिष्य वयानें वडील आणि गुरु धाकटा, हा विशेष. घरांतील लहानाच्या तोंडून सत्य निघालें तर तें मस्तकीं धरण्याचें धैर्य आपणां वडीलधाऱ्यांत आहे काय, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावा.