उष्णतेची चुगली

एटीएमवर पिन टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरायचा, हे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडलं आहे. मागे कोणी रेंगाळत असेल तर आपण मान वळवून त्याच्याकडे एकदा रोखून बघतोही. पण हा सगळा बंदोबस्त पिन टाकून होईपर्यंतचा. पैसे मोजून, पाकीट खिशात घालून बाहेर पडलो की आडोसाही संपला आणि काळजीही. संगणक सुरक्षेवर काम करणाऱ्या काही संशोधकांना रस आहे तो नेमका त्यानंतरच्या मिनिटभरात. आपल्या बोटांची ऊब तेवढा वेळ बटणांवर रेंगाळते. डोळ्यांना ती दिसत नाही, थर्मल कॅमेऱ्याला दिसते.

एसटीत शेजारचा उतरल्यावर त्याच्या जागी सरकून बसलं की सीट गरम लागते, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे बोट बटणावर जेमतेम पाव-अर्धा सेकंद टेकतं आणि बटण तापतं तेही अंशाच्या काही भागांनी. एवढ्याशा फरकावरून पासवर्ड वाचायचा म्हणजे तीन वेगवेगळ्या विद्यांना एकत्र यावं लागतं: उष्णता कशी पसरते ते सांगणारं अभियांत्रिकी, धूसर चित्रातून अर्थ काढणारं प्रतिमा-प्रक्रियेचं शास्त्र आणि कुलपं कशी फुटतात याचा विचार करणारी संगणक सुरक्षा. विद्यापीठांत हे तीन विभाग सहसा वेगवेगळ्या इमारतींत असतात.

सुरुवात एका हौशी उपद्व्यापातून झाली. मिखाउ झालेव्स्की या पोलिश सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्ये एका तिजोरीच्या कीपॅडची थर्मल छायाचित्रं काढली आणि कोणती बटणं दाबली गेली हे त्यांत दिसतं, असं दाखवून दिलं. तेव्हा असा कॅमेरा सामान्य चोराच्या आवाक्यातला नव्हता, त्यामुळे गंमत म्हणून ते मागे पडलं. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या कीटन मोवेरी, सारा मिकलजॉन आणि स्टीफन सॅवेज यांनी हाच प्रयोग शिस्तीत केला. स्वयंसेवक बोलावले, त्यांना चार आकडी पिन दिले, एक कीपॅड प्लास्टिकचा घेतला आणि एक धातूचा. प्लास्टिकवर लगेच फोटो घेतला तर ८० टक्क्यांहून अधिक वेळा आकडे सापडले. मिनिटभराने घेतला तरी साधारण निम्म्या वेळा. धातूच्या कीपॅडवर मात्र जवळजवळ काहीच हाती लागलं नाही.

धातूने दगा का दिला, हे समजून घेण्यासारखं आहे. कारणं दोन. एक म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता. कीपॅडसाठी वापरतात ते स्टेनलेस स्टील इतर धातूंच्या मानाने मंदच, तरीही साध्या प्लास्टिकच्या कितीतरी पट वेगाने ते उष्णता पसरवतं. बोटाने दिलेली ऊब प्लास्टिकवर दिली तिथेच साचून राहते. स्टीलमध्ये ती क्षणात आजूबाजूला पांगते. दुसरं कारण अधिक मजेदार आहे. निरपेक्ष शून्याच्या वर तापमान असलेली प्रत्येक वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते, पण सगळ्या वस्तू सारख्याच उदारपणे टाकत नाहीत. या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. प्लास्टिकची उत्सर्जकता १ च्या जवळ असते, चकचकीत धातूची खूपच कमी. त्यामुळे धातू स्वतःच्या तापमानाविषयी फारसं बोलतच नाही; तो आरशासारखा आसपासच्या वस्तूंचे अवरक्त किरण परावर्तित करतो. कॅमेरा धातूच्या बटणाकडे बघतो आणि त्याला दिसते ती कॅमेरा धरणाऱ्याच्या तोंडाची उष्णता.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल चित्रपटांनी बरेच गैरसमज पसरवले आहेत. भिंतीपलीकडचं त्याला दिसत नाही. इतकंच काय, खिडकीच्या साध्या काचेपलीकडचंही दिसत नाही, कारण तो ज्या ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतो, ते काच शोषून घेते. म्हणून त्याचं भिंग जर्मेनियमसारख्या पदार्थाचं असतं. भिंगामागे सूक्ष्म पट्ट्यांची जाळी असते. किरण पडले की पट्टी किंचित तापते, तापली की तिचा विद्युत-रोध बदलतो आणि त्या बदलावरून चित्र तयार होतं. लाल-पिवळे-निळे रंग नंतर आपल्या सोयीसाठी भरलेले. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत ही जाळी इतकी विरळ असते की त्यातून माणसाचा चेहरा ओळखणंही कठीण. पण तापमानातला अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरक मात्र त्यांना कळतो.

बटणं कळली, पुढे काय? चार वेगवेगळ्या आकड्यांचा पिन असेल आणि ते चारही आकडे चोराला ठाऊक झाले, तर उरतात फक्त २४ क्रम. मूळच्या दहा हजारांतले ९,९७६ बाद. तीनदा चुकलं की कार्ड बंद, हा नियम धरला तरी चोराची संधी दहा हजारांत तीन होती, ती आठांत एक झाली. आता गंमत बघा. पिनमध्ये एक आकडा दोनदा असेल, म्हणजे तीनच बटणं ऊबदार दिसली, तर शक्य क्रम ३६ होतात. चार वेगळ्या आकड्यांपेक्षा जास्त. दोनच बटणं दिसली तर मात्र १४ वर घसरगुंडी. थर्मल चोरापुरतं बोलायचं, तर एक आकडा पुन्हा वापरलेला पिन थोडा बरा. अर्थात २४ काय आणि ३६ काय, दोन्ही आकडे झोप उडवणारेच आहेत.

शिवाय क्रमही पूर्ण लपत नाही. पहिलं बटण दाबून दोन-तीन सेकंद झाले, शेवटचं आत्ताच दाबलं. म्हणजे शेवटचं सर्वांत गरम. वस्तू आणि हवा यांच्या तापमानातला फरक जितका मोठा तितकी ती वेगाने निवते, हा न्यूटनचा जुना नियम. त्याच्या आधारे मागे मागे जात क्रम लावता येतो. कोणी एक बटण जोरात दाबतो, कोणाचं बोट मध्येच अडखळतं, त्यामुळे डोळ्यांनी बघून हे काम धड होत नाही. इथे प्रतिमा-प्रक्रिया मदतीला येते.

ग्लासगो विद्यापीठातल्या मोहम्मद खमीस आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘थर्मोसिक्युअर’ नावाची प्रणाली मांडली. संगणकाच्या नेहमीच्या की-बोर्डची वेगवेगळ्या कोनांतून काढलेली सुमारे १,५०० थर्मल छायाचित्रं देऊन त्यांनी ती शिकवली. चित्रात की-बोर्ड कुठे आहे, त्यावर कोणती कळ कुठे आहे, कोणत्या कळा ऊबदार आहेत हे प्रणाली आधी ठरवते आणि मग शक्यतांचा हिशेब मांडून पासवर्ड सुचवते. टाइप केल्यावर २० सेकंदांत फोटो मिळाला तर ८६ टक्के पासवर्ड ओळखले गेले, ३० सेकंदांनी ७६ टक्के, मिनिटाने ६२ टक्के. लांबलचक पासवर्डही सुटले नाहीत: १६ अक्षरांचे पासवर्ड २० सेकंदांच्या आत ६७ टक्के वेळा सापडले, सहा अक्षरांचे तर सगळेच.

या आकड्यांनी हबकून जायचं कारण नाही. प्रयोगशाळेत कॅमेरा हवा तिथे धरता येतो, की-बोर्डवर मध्ये कोणी दुसरं काही टाइप करत नाही. प्रत्यक्षात माणूस पासवर्ड टाकतो आणि लगेच ईमेल लिहायला बसतो. सगळ्याच कळा गरम होतात. हा हल्ला खरा धोकादायक आहे तो पिन टाकून माणूस निघून जातो अशा ठिकाणी: एटीएम, इमारतीच्या दाराचं कुलूप, हॉटेलच्या खोलीतली तिजोरी. मला स्वतःला मात्र या संशोधनात टक्केवारीपेक्षा किरकोळ वाटणारे तपशील मोलाचे वाटतात. एकेक कळ शोधत एका बोटाने टाइप करणाऱ्यांचे पासवर्ड अधिक सहज सापडतात, कारण त्यांचं बोट कळेवर जास्त वेळ रेंगाळतं. कळा कोणत्या प्लास्टिकच्या आहेत यावरून यश निम्म्याहूनही खाली येतं. मागून प्रकाश देणाऱ्या की-बोर्डच्या कळा मुळातच कोमट असल्यामुळे त्यांवर ठसा पुसट उमटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत अशाच प्रयोगात आढळलं, की लांब कृत्रिम नखांनी टाइप करणाऱ्यांचा ठसा जवळजवळ उमटतच नाही. नख म्हणजे निर्जीव. त्यात ऊब कुठली?

हवामानाचाही हात आहेच. सगळा खेळ बोट आणि बटण यांच्या तापमानातल्या फरकाचा. मे महिन्यात चंद्रपुरात उघड्यावरचं बटण बोटाइतकंच तापलेलं असेल तर ठसा उमटणार कशाचा? वातानुकूलित खोलीत मात्र फरक भरपूर. सुदैवाने आपल्याकडच्या बऱ्याच एटीएमचे कीपॅड धातूचे असतात. त्यामागचा हेतू मजबुती हा असणार, पण हा फायदा आयताच पदरात पडला.

उपाय सुचवताना बरेच जण ‘पासवर्ड लांब ठेवा’ एवढ्यावर थांबतात. १६ अक्षरांचा अनुभव वर आलाच आहे. त्यापेक्षा पिन टाकून झाल्यावर सगळ्या बटणांवर तळहात दोन क्षण ठेवला तर सगळीच बटणं ऊबदार होतात आणि चोराचं चित्र बिघडतं. खर्च शून्य. इमारतीला कुलूप बसवणाऱ्याने धातूचा कीपॅड निवडला तर रहिवाशांना तेवढंही करावं लागत नाही. सुरक्षेचा इतका भार दरवेळी वापरणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर टाकण्याची जी सवय लागली आहे, ती मला कधीच पटलेली नाही.

उष्णता चुगली करते ती फक्त बोटांची नव्हे. प्रत्येक संगणकात वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तापमान बदललं की त्याची गती दशलक्षात एखाद्या भागाने बदलते. केंब्रिजच्या स्टीव्हन मर्डोक यांनी २००६ मध्ये त्याचाच उपयोग केला. ‘टोर’ या जाळ्यात पत्ता लपवून बसलेल्या सर्व्हरवर त्यांनी कामाचा भडिमार केला. काम वाढलं, प्रोसेसर तापला, त्याच्या संगतीने स्फटिक तापला, घड्याळ किंचित सरकलं. मग उघड पत्त्यांच्या संगणकांपैकी नेमकं कोणाचं घड्याळ त्याच तालावर सरकतंय हे पाहिलं की लपलेला सापडतो. पुढे २०१५ मध्ये इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठात एकमेकांशी कुठल्याच तारेने न जोडलेले दोन संगणक शेजारी ठेवून, एकाच्या गरम-गार होण्यातून दुसऱ्याला निरोप पाठवून दाखवला. वेग तासाला आठ बिट, म्हणजे एका अक्षराला एक तास. पत्र टाकलं असतं तर लवकर पोचलं असतं! पण एखादा छोटा पासवर्ड बाहेर काढायला रात्रभराची सवड पुरते.

आणि हे उलट दिशेनेही चालतं: उष्णतेसारखी थंडीही गुपित फोडू शकते. संगणक बंद केला की रॅममधलं सगळं त्या क्षणी पुसलं जातं, असा अनेक अभियंत्यांचाही समज होता. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन, एडवर्ड फेल्टन आदींनी २००८ मध्ये तो खोडून काढला. त्यांनी रॅममध्ये मोनालिसाचं चित्र ठेवलं, वीज तोडली आणि थोड्या थोड्या वेळाने ते वाचून पाहिलं. पाच सेकंदांनी चित्र जवळपास जसंच्या तसं. अर्ध्या मिनिटाने, मिनिटाने त्यावर आडवे पट्टे चढत गेले. पाच मिनिटांनी त्याच्या पुसट खुणाच काय त्या उरल्या. मग त्यांनी चिपवर धूळ उडवायचा स्प्रेचा डबा उलटा धरून फवारला. डबा उलटा केला की आतला द्रव बाहेर येतो आणि तापमान उणे ५० अंशांपर्यंत उतरतं. एवढ्या थंडीत चिपमधला विद्युतभार इतका सावकाश गळतो की दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट बिघडले होते. तेवढ्या वेळात चिप काढून दुसऱ्या संगणकात बसवायची आणि डिस्कचं कुलूप उघडणारी किल्ली वाचून घ्यायची. त्या काळच्या नावाजलेल्या डिस्क-कुलपांपैकी अनेक त्यांनी अशी उघडली.

यानंतर यंत्रंही बदलत गेली. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम आता बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते, ती उपसून काढता येत नाही. एएमडीने २०१७ पासून सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये रॅममधला मजकूरच कूटबद्ध ठेवण्याची सोय दिली. किल्ली प्रोसेसरच्या आत राहते, गोठवलेल्या चिपमधून हाती लागतो तो नुसता गोंधळ. पण असे बदल घरोघरच्या यंत्रांपर्यंत पोचायला वर्षं लागतात. कामाची कागदपत्रं लॅपटॉपवर घेऊन फिरणाऱ्याने प्रवासात तो नुसता मिटून ‘स्लीप’मध्ये ठेवू नये, पूर्ण बंद करावा आणि बंद केल्यावर पहिली चार-पाच मिनिटं नजरेआड होऊ देऊ नये.