कवटी, नाक आणि कर्जाचं खत

गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग येतात. ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं. या शास्त्राचा प्रश्न वेगळा आहे: माणूस गुन्ह्याकडे का वळतो? आणि नवल असं, की एकाच वर्षी, १८७६ साली, या प्रश्नाचं एक उत्तर इटलीत छापलं जात होतं आणि दुसरं महाराष्ट्रात पकडलं जात होतं.

इटलीत चेझारे लोंब्रोसो या डॉक्टरने गुन्हेगार माणसावरचं आपलं गाजलेलं पुस्तक त्या वर्षी काढलं. दरोडेखोर म्हणवल्या गेलेल्या विलेल्लाच्या कवटीत मागच्या बाजूला त्याला एक खळगा दिसला होता. झालं! गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, आदिमानवाकडे परतलेला, असा सिद्धांत उभा राहिला. ती कवटी आजही तुरिनच्या संग्रहालयात आहे.

इकडे पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे महादेव कोळी समाजातले होनाजी केंगले (इंग्रजी गॅझेटिअरमधला 'होन्या') १८७३ पासून सावकारांवर छापे घालत होते. टोळीने कित्येक सावकारांची नाकं कापली. १७५ हत्यारबंद पोलीस मागावर आले, हजार रुपयांचं बक्षीस लागलं, तरी होनाजी सापडले ते थेट १८७६ मध्ये. दरोडे पडत होते, पण कोणावर? पुन्हा पुन्हा सावकारावरच. तीस वर्षांपूर्वी बंडखोर राघोजी भांगरेंचा रोखही तोच होता. कवटीतला खळगा काही वाटसरू आणि सावकार असा भेद करत नाही.

उत्तर कागदात होतं. १८५९ च्या कायद्याने कर्जाचं खत तीनच वर्षं ग्राह्य धरलं. कुळाच्या भल्यासाठीच हो! सावकाराने मात्र दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि थकलेलं व्याज मुद्दलात गेलं. समजा दरमहा शेकडा दोन रुपये दर आहे. शंभराचे तीन वर्षांत १७२ होतात, सहा वर्षांत २९६, नऊ वर्षांत ५०९. कुळाने मधे एक दमडीही नवी उचललेली नसते. अंगठा मात्र तीनदा नव्याने उठलेला असतो.

म्हणूनच १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात जमाव उठला, तेव्हा त्याने आधी वह्या आणि खतं मागितली आणि जाळली. सरकारी चौकशी आयोग बसला. त्याने सावकाराला दोष दिला आणि सरकारी साऱ्याला अलगद निर्दोष सोडलं. आरोपीनेच पंचनामा लिहिला की असंच होणार. तरी १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा सगळा हिशेब तपासायचा अधिकार मिळाला. त्याच इंग्रज सरकारने १८७१ मध्ये अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदाही केला होता. तो स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने 'सामाजिक दरोडेखोर', म्हणजे अन्यायाविरुद्ध उठलेला दरोडेखोर, ही कल्पना मांडली ती तर त्याहून नंतर.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकता येतो; कैद्यांसोबत काम करणारा 'प्रयास' प्रकल्पही तिथलाच, १९९० पासूनचा. जुन्नर-मंचरच्या कॉलेजातून कोणी तिकडे निघालंच, तर प्रबंधाचा विषय शोधत बसू नये. जांभोरीला जावं, आणि जाताना गॅझेटिअर सोबत न्यावं.