चक्री कर्तन यंत्र

चक्री कर्तन यंत्र : अनेक दाते असलेले कर्तक फिरत ठेवून त्याला लागून कार्यवस्तू सरकवीत धातू काढून टाकणारे यांत्रिक हत्यार. कारखान्यांत ते मिलिंग मशीन या नावानेच ओळखले जाते. लेथवर वस्तू फिरते व हत्यार सरकते. येथे हत्यार फिरते व वस्तू सरकते. त्यामुळे सपाट पृष्ठे, खाचा, चावीगाळे, दंतचक्रांचे दाते इ. या यंत्रावर करता येतात.

कर्तकाचा प्रत्येक दात फेऱ्याच्या थोड्याच भागात धातूत असतो व उरलेल्या वेळात निवतो. वेग व सरक यांचे प्रमाण मात्र नेमके ठेवावे लागते. उदा., १०० मिमी. व्यासाच्या, ८ दात्यांच्या द्रुतगती पोलादी कर्तकाने मृदू पोलाद मिनिटास ३० मी. वेगाने कापावयाचे असल्यास कर्तकाचे मिनिटास सु. ९५ फेरे होतात. प्रत्येक दाताने ०·१ मिमी. पुढे जावयाचे म्हटले, तर टेबल मिनिटास ७६ मिमी. सरकविले पाहिजे.

कर्तकाच्या दातांची दिशा व टेबलाची दिशा यांवरून कर्तनाचे दोन प्रकार होतात. उलट कर्तनात दात वस्तूच्या सरकण्याविरुद्ध जातो. कीस शून्य जाडीपासून सुरू होत असल्याने दात प्रथम नुसता घासतो, धार लवकर बोथट होते व वस्तू वर उचलली जाण्याचा संभव असतो. सुलट कर्तनात दोन्ही दिशा एकच असतात. कीस जाड सुरू होऊन पातळ होत जातो, वस्तू खाली दाबली जाते व पृष्ठ गुळगुळीत येते. मग सुलट पद्धतच सर्वत्र का वापरीत नाहीत? टेबल सरकविणारा स्क्रू व त्याचे नट यांत जुन्या यंत्रांत थोडा मोकळेपणा राहतो. सुलट कर्तनात कर्तक टेबलाला आपल्याकडे खेचतो, तेवढ्या मोकळ्या अंतरात टेबल एकदम झेप घेते आणि कर्तक तुटतो किंवा वस्तू शेगड्यातून निसटते. शिकाऊ कामगाराच्या हातून होणाऱ्या अपघातांचे हे एक मोठे कारण आहे. अशा यंत्रावर उलट कर्तनच सुरक्षित होय.

स्तंभ व गुडघा या रचनेच्या यंत्रात स्तंभावर वरखाली होणाऱ्या गुडघ्यावर टेबल बसविलेले असते. आडव्या यंत्रात कर्तक आडव्या आर्बरवर बसवितात. उभ्यात तर्कू उभा असतो व साचे, खोलगट पोकळ्या यांसाठी ते सोयीचे पडते. जड वस्तूंच्या भाराने गुडघा वाकू नये म्हणून त्यांच्यासाठी स्थिर बैठकीची यंत्रे असतात. फार लांबरुंद वस्तूंसाठी रंधा यंत्रासारखी दोन स्तंभांची यंत्रे वापरतात.

सार्वत्रिक यंत्रात टेबल तिरपेही वळविता येते. अमेरिकेत जोसेफ आर. ब्राउन यांनी ते १८६२ मध्ये तयार केले. बंदुकीच्या भागांना भोके पाडणाऱ्या गिरमिटांच्या मळसूत्री पन्हळी तोवर कानशीने हाताने घासून काढाव्या लागत. ब्राउन यांनी टेबलाच्या स्क्रूला विभाजन शीर्ष जोडून वस्तू पुढे सरकता सरकता फिरेल अशी योजना केली. आजच्या सामान्य विभाजन शीर्षात हस्तकाचे ४० फेरे झाले की वस्तू एक फेरा करते. २८ दात्यांच्या चक्रासाठी दर दाताला ४०/२८ म्हणजे एक पूर्ण फेरा व २१ भोकांच्या वर्तुळावरील ९ भोकांचे अंतर एवढा हस्तक फिरवितात.

या यंत्राचे जनकत्व एली व्हिटनी यांना व १८१८ या वर्षाला देण्याची प्रथा होती. परंतु ती टिकणारी नाही. अमेरिकी बंदूक कारखान्यांत अनेकांच्या हातून ते घडत गेले. भारतात बंगळूर येथे १९६१ मध्ये जर्मन सहकार्याने निघालेल्या भारत फ्रिट्झ वेर्नर कंपनीने ही यंत्रे बनविली.

मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९५२ मध्ये छिद्रित फितीवरील अंकांनी चालणारे यंत्र दाखविण्यात आले. तेही चक्री कर्तन यंत्रच होते. आजच्या संगणकनियंत्रित यंत्रांत गोळ्यांवर फिरणाऱ्या स्क्रूमुळे मोकळेपणा जवळजवळ नाहीसा झाला असून त्यांवर सुलट कर्तन हीच नेहमीची पद्धत आहे.