पुण्यात आजाऱ्यासाठी माणूस ठेवताना



हा लेख उसाविषयी नाही याची आम्हांस कल्पना आहे. पण गेल्या दोन-तीन हंगामांत प्लॉटवर गेलो की खताच्या आधी दुसराच प्रश्न कानावर येतो. मुलगा पुण्यात, हडपसरला नाहीतर सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये, सूनबाई नोकरीवर, वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून तिकडे नेले. दवाखान्याने घरी सोडले आणि बघायला ब्युरोतून माणूस लावला. "साहेब, दर महिन्याला उसाच्या बिलातून पैसे जातात, पण माणूस बरोबर करतोय का नाही, हे कळायचं कसं?"

आम्ही शेती पदविकेचे, डॉक्टर नव्हे. परंतु सासूबाईंच्या आजारपणात आम्ही यातून गेलो, चुकलोही, म्हणून लिहितो.

सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले होते. मेहुण्यांकडे कर्वेनगरला त्यांना ठेवले आणि चोवीस तासांची बाई लावली. रोज सकाळी मोबाइलवर फोटो यायचा : केस विंचरलेले, चादर पांढरीशुभ्र. आम्ही समाधानी. एकदा मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये काम होते, ते आटोपून न कळवता घरी गेलो. कुशीवर वळवून पाहिले तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम. ती भरून यायला तीन महिने ड्रेसिंग करावे लागले. हुमणी लागलेला प्लॉट सुरुवातीला बांधावरून हिरवागार दिसतो, तसलाच हा प्रकार. मुळाशी हात घालून पाहणारे आम्ही, अन् घरच्या माणसाच्या बाबतीत फोटोवर विसंबलो.

म्हणून पहिली तपासणी कातडीची. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची हाडे उघडी करून पाहावीत. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका न पडता तसाच राहिला तर ती जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे हाताला गरम किंवा टणक लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. हवेची गादी आणली म्हणून हे काम सुटत नाही.

दुसरी गोष्ट जेवणाच्या वेळेला जाऊन पाहावी. झटका आलेल्या माणसाला आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. बसवून, पाठीशी उशा देऊन, सावकाश भरवावे व नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. लघवीची नळी असल्यास पिशवी कमरेच्या खाली टांगलेली हवी, पण फरशीला टेकता कामा नये. आणि रुग्णाला बोलता येत असेल तर बाई बाहेर गेल्यावर त्यालाच विचारा. हे कोणी करत नाही.

ब्युरोच्या ऑफिसात भिंतीवर शॉप ॲक्टचे सर्टिफिकेट लावलेले असते. तो दुकानाचा कागद. सेवेच्या दर्जाचा दाखला नव्हे. 'नर्स' म्हणून पाठवली असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. एएनएम किंवा जीएनएम झालेल्या बाईकडे तो असतो. बाकीच्या मावशी, आया, ब्रदर यांनी अंग पुसावे, भरवावे, चालवावे. इंजेक्शन देणे किंवा नाकातली नळी बदलणे हे त्यांचे काम नव्हे, त्यांनी "येतंय मला" म्हटले तरी. पोलीस पडताळणी झाली का, माणूस दिवाळीला गावी गेला तर बदली कधी मिळेल, नव्या माणसाला काम कोण समजावून देणार, हे पैसे भरण्याआधीच विचारावे. दर महिन्याला नवे तोंड दिसू लागले की ब्युरोतच काही तरी बिनसले आहे असे खुशाल समजा.

आता थोडे कडू. ती जखम एकट्या त्या बाईची चूक नव्हती. चोवीस तासांची ड्यूटी म्हणजे तिने झोपायचे कधी? दर दोन तासांनी कूस बदला, हे तिला ब्युरोने सांगितले नव्हते, आम्हीही नाही. आपण भरलेल्या पैशातले तिच्या हाती किती पडतात हेही आम्ही कधी विचारले नाही. पुढे बारा-बारा तासांच्या दोघी लावल्या. खर्च वाढला, पण जखम भरू लागली ती त्यानंतर.

कर्करोगाचा रुग्ण असेल तर वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य सेवा देते. तिथली माणसे घरी येऊनही पाहतात आणि घरच्यांनाच शुश्रूषा शिकवतात. नुसता माणूस पुरवणे आणि शुश्रूषा करणे यांतला फरक तिथे कळतो.

पैसे देताना पावती घ्यावी. पैसे घेऊन दिलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते, पण पावतीवाचून दाद मागणे अवघड. वृद्धांना त्रास होत असल्यास १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

कूस बदलल्याची वेळ, खाणे, लघवी, औषध असे रकाने आखलेली एक वही आम्ही सासूबाईंसाठी केली होती. तिचा नमुना गट ऑफिसात ठेवला आहे. ज्यांचे कोणी पुण्यात अंथरुणावर आहे त्यांनी चिटबॉयकडून मागून घ्यावा.