ताण, स्मरण आणि उचलीचा कागद

ऊसतोडणीची उचल घेताना मजूर कागद न वाचता अंगठा उमटवतो आणि शहाणीसुरती माणसे म्हणतात, "अडाणी!" संघटनेच्या कामात आम्ही हा शब्द फार ऐकला. शाळा थोडकी झालेली. तरी त्याला उत्तर काय, हे शोधताना शरीरशास्त्राची पुस्तके चाळावी लागली.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. संकट आले की त्या ॲड्रेनालिन रक्तात सोडतात. मागोमाग कॉर्टिसॉल येते. पळण्यास व झुंजण्यास ही व्यवस्था नामी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा लोक गणेशविसर्जन आटोपून झोपले होते. ज्यांनी तो क्षण भोगला त्यांच्या मनावर तो कोरलेला आहे, कारण भीतीच्या प्रसंगाची आठवण ही द्रव्ये पक्की करतात. परंतु पूर्वी शिकलेले आठवून काढण्याच्या कामी तीच आड येतात. लातूरच्या शिकवणीवर्गात घोकलेले सूत्र परीक्षेत पोराला सापडत नाही. घरी आला की आठवते! बाप म्हणतो, अभ्यासच केला नाही. झोप तोडून पाठांतर करवणे तर आम्हांस निव्वळ नुकसानीचा धंदा वाटतो. दिवसाचे शिकलेले झोपेत मुरते.

आता निर्णयाकडे येऊ. कपाळामागचा मेंदूचा भाग पुढचे पाहतो, दोन गोष्टी तोलतो. ताणाखाली त्याची पकड ढिली होते आणि माणूस सवयीच्या वाटेने जातो. २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धिचाचणी दोनदा घेतली होती: तोडणीपूर्वी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर पैसा हाती आल्यावर. तोच शेतकरी, पण तंगीत त्याचे गुण घसरले. अभ्यासकांच्या मते हे केवळ ताणाच्या द्रव्यांचे काम नव्हे. पैशाची विवंचनाच डोके अडवून बसते.

मग आपल्या मुरुडकडचा मजूर उचल कधी घेतो ते पाहा. हंगामाआधी, दुकानाची उधारी थकलेली असताना. समोर मुकादम नोटा मोजत असतो. तेथे बालिस्टरही चुकेल! म्हणून आमची मागणी एवढीच: कागद आठ दिवस आधी घरी द्यावा, मोठ्याने वाचून दाखवावा, आणि नवराबायको दोघांसमोर, कारण कोयता दोघांचा असतो. मुकादमांना हे रुचत नाही. त्यांना अंगठा नोटा मोजतानाच हवा असतो.